कपचा घोटा आणि आपली बशी: रिसीव्हर जखमी झाला की फँटसीत काय करायचं

१५ सप्टेंबर २०२४, रविवार. न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या गणपतीची संध्याकाळची आरती व्हायची होती. शेवटचं मोदकपात्र गॅसवर होतं आणि मी ताटं लावत होते. ऑफिसच्या लीगमधला एक मराठी सहकारी गर्दीतून वाट काढत आला आणि हळूच म्हणाला, "ताई, तुमचा कप फुटला." मी खरोखरच चहाच्या कपांकडे पाहिलं. मग ट्यूब पेटली. कूपर कप, अमेरिकन फुटबॉलमधल्या लॉस ॲंजेलिस रॅम्सचा तेव्हाचा वाइड रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा गडी, माझ्या फँटसी टीमचा कणा. ॲरिझोनाविरुद्धच्या सामन्यात पूर्वार्धातच त्याचा घोटा मुरगळला होता.

त्या वर्षी मी लीगमध्ये नवी होते. पुढच्या सहा आठवड्यांत करता येण्यासारख्या जवळजवळ सगळ्या चुका मी केल्या. तुम्ही या वर्षी पहिल्यांदा उतरत असाल तर त्या फुकटात घ्या.

आधी खेळाबद्दल थोडं. क्रिकेटच्या ॲपवर एका सामन्यापुरते अकरा जण निवडायची सवय असेल तर ती इथे बाजूला ठेवायची. इथे साधारण ऑगस्टच्या अखेरीस ड्राफ्ट होतो. लीगमधले दहा-बारा जण आळीपाळीने खेळाडू उचलतात, एक खेळाडू एकाकडेच राहतो, आणि मग डिसेंबरपर्यंत त्याच माणसांवर संसार चालवायचा. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या खऱ्या लीगचा, साखळी हंगाम १८ आठवड्यांचा असतो, प्रत्येक संघ त्यात १७ सामने खेळतो आणि एक आठवडा सुटी घेतो. त्या सुटीला बाय म्हणतात. फँटसीची बाद फेरी बहुतेक लीगमध्ये १५ ते १७ या आठवड्यांत उरकते. रिसीव्हरचे गुण साधे असतात. दर दहा यार्डांना १, टचडाऊनला (चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की) ६, आणि पीपीआर प्रकारच्या लीगमध्ये प्रत्येक झेलाला आणखी १. आमची लीग पीपीआरची. २०२४च्या पहिल्या सामन्यात डेट्रॉइटविरुद्ध कपकडे तब्बल २१ वेळा चेंडू फेकला गेला. त्याने १४ झेल, ११० यार्ड आणि एक टचडाऊन केला. म्हणजे ३१ गुण. मी आठवडाभर मान ताठ ठेवून ऑफिसात फिरत होते. पुढच्याच रविवारी हा घोटा.

पहिली पायरी: घोटा कुठे दुखावला ते कळेपर्यंत हात लावू नका

बातमीत नुसतं "अँकल" असं येतं. त्या एका शब्दात दहा दिवसांची विश्रांतीही असू शकते आणि अख्खा हंगामही. म्हणून थोडं शरीरशास्त्र कळायला हवं.

आपण रोजच्या बोलण्यात पाय मुरगळला म्हणतो तेव्हा पाऊल आतल्या बाजूला वळलेलं असतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणलेले असतात. पायरी चुकली, खड्ड्यात पाय गेला, की होतं ते हेच. खेळाडूंच्या भाषेत लो अँकल स्प्रेन. नुसता ताण असेल तर पहिली श्रेणी, अर्धवट फाटलं तर दुसरी, पूर्ण तुटलं तर तिसरी. पहिल्या श्रेणीतला खेळाडू एक-दोन आठवड्यांत परत येतो. कधी घोटा टेपने करकचून बांधून पुढच्याच रविवारी उभा राहतो.

दुसरा प्रकार म्हणजे हाय अँकल स्प्रेन, आणि हाच फँटसीवाल्यांच्या पोटात गोळा आणतो. नडगीची दोन हाडं खाली येऊन घोट्याचं हाड दोन्हीकडून धरतात. स्वयंपाकघरातला चिमटा डोळ्यांपुढे आणा. चिमट्याचे दोन पाय म्हणजे ही दोन हाडं, आणि त्यांना एकत्र बांधून ठेवणारे लिगामेंट घोट्याच्या जरा वर असतात. पाऊल जमिनीत रुतलेलं असताना बाहेरच्या बाजूला पिळलं गेलं, किंवा वरून कुणी पायावर कोसळलं, तर हे बांधणारे लिगामेंट फाटतात. मग शरीराचं वजन पडलं की चिमटा थोडा उघडतो. सरळ चालताना माणूस ठीक दिसेल, पण दिशा बदलताना जोर देता येत नाही. साधारण चार ते सहा आठवडे धरायचे. चिमटा फारच सैल झाला असेल तर शस्त्रक्रिया करून दोन्ही हाडं एका मजबूत दोऱ्याने आवळतात. तिला टाइटरोप म्हणतात.

रिसीव्हरचं सगळं पोट या जोरावर चालतं. चेंडू झेलणं हा त्याच्या कामाचा शेवटचा भाग. त्याआधी तो पूर्ण वेगात दहा यार्ड पळतो, बाहेरचा पाय रोवतो आणि एका पावलात आत वळतो. पाठीवर असलेला बचावपटू दोन पावलं पुढे निघून जातो, आणि तेवढ्या फटीत चेंडू येतो. रोवलेल्या पायात दुखलं की ती फट मिळत नाही. म्हणूनच "अमुक क्वार्टरबॅक तर दुखऱ्या घोट्यानिशी खेळला" हा दाखला रिसीव्हरला लावू नका. पॅट्रिक माहोम्सला जानेवारी २०२३ मध्ये जॅक्सनव्हिलविरुद्ध हाय अँकल स्प्रेन झाला. आठ दिवसांनी तो पुढचा सामना खेळला आणि फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे अंतिम सामनाही जिंकला. पण तो क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा. पाच जण त्याच्यापुढे भिंत करून उभे असतात, आणि लंगडत का होईना पण चेंडू सोडता येतो.

कपचंच उदाहरण घ्या, कारण तो दोन्हीकडून गेला आहे. २०२१ मध्ये १४५ झेल, १,९४७ यार्ड, १६ टचडाऊन असा स्वप्नवत हंगाम त्याने केला. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्याला हाय अँकल स्प्रेन झाला. समोर संघ तोच, ॲरिझोना. त्याच आठवड्यात टाइटरोप झाली आणि हंगाम नऊ सामन्यांवर संपला. २०२४ मध्ये पुन्हा घोटाच, पण या वेळी चार सामने हुकले आणि स्वारी परत आली. मला २०२२ आठवत होतं, म्हणून त्या रविवारी रात्रीच मी कपला ट्रेडवर, म्हणजे दुसऱ्या कुणाशी अदलाबदलीला, टाकलं. नशीब, कुणी घेतला नाही.

रविवारी रात्री आईचा सांगलीहून फोन आला. माझा आवाज ऐकून तिने विचारलं, "कुणाचा पाय मुरगळला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आंबेहळदीचा लेप लावायला सांग त्याला, आणि पाय उशीवर ठेव म्हणावं." उशीचा सल्ला बरोबरच होता.

सोमवारी एमआरआय होतो आणि संध्याकाळपर्यंत प्रशिक्षकाच्या तोंडून काहीतरी बाहेर पडतं. "डे टू डे" म्हणजे बहुधा लो. "वीक टू वीक" म्हणजे किमान तीन रविवार विसरा. प्रशिक्षकांच्या बोलण्याला मी याहून जास्त किंमत देत नाही. समोरच्या संघाला अंधारात ठेवणं हाही त्यांच्या कामाचाच भाग आहे.

दुसरी पायरी: आठवडे मोजा, बाय धरून

कागद घ्या. खरंच घ्या, डोक्यात गल्लत होते. कपच्या बाबतीत पुढचे सामने तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात होते, सहाव्यात बाय, मग सातवा. चार सामने हुकले तरी कॅलेंडरवर पाच आठवडे गेले. बायच्या आधी घोटा दुखावला तर संघ म्हणतात, कशाला घाई, बाय होऊ दे. नव्या माणसाच्या हिशेबातून हा आठवडा हमखास निसटतो.

आता दोन याद्यांचा घोळ. एनएफएल संघाची इंजर्ड रिझर्व्ह, म्हणजे आयआर, ही एक गोष्ट. तिथे टाकलेला खेळाडू किमान चार सामने खेळू शकत नाही. हा चाराचा नियम २०२२ पासून आहे. परत येताना त्याला २१ दिवसांची खिडकी मिळते. सराव करायचा आणि त्या मुदतीत मुख्य यादीत यायचं, नाहीतर हंगाम संपला. तुमच्या फँटसी लीगमधली आयआरची जागा ही वेगळी गोष्ट. ती बेंचच्या बाहेरची जास्तीची खुर्ची. बऱ्याच लीगमध्ये खेळाडू नुसता "आउट" झाला तरी तिथे ठेवता येतो. त्याला तिथे सरकवलं की बेंचवर एक जागा मोकळी होते. ही जागा तुमच्या लीगमध्ये आहे का, आणि कुणाला चालते, हे नियमांच्या पानावर आजच बघून ठेवा. मी बघितलं नव्हतं. दोन आठवडे कप बेंचवर बसून राहिला आणि शेजारची खुर्ची रिकामी होती.

रॅम्सनी कपला आयआरवर टाकलं नाही. संघ जेव्हा आयआर टाळतो, तेव्हा चार सामन्यांच्या आत तो परत येईल अशी आशा त्यांना आहे एवढंच कळतं. आशाच ती. शेवटी चार सामने गेलेच.

तिसरी पायरी: त्याचे टार्गेट कुणाच्या घरी जाणार?

रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, जखमी झाला की त्याचा बदली खेळाडू बहुधा जवळपास सगळं काम घेतो. त्यामुळे तिथे डोळे झाकून बदली उचलता येतो. रिसीव्हरचं तसं नसतं. त्याच्या वाट्याचे चेंडू वाटले जातात, गावजेवणातल्या बुंदीसारखे. कुणाच्या पानात किती पडेल ते पंगत बसल्याशिवाय कळत नाही.

रॅम्सची अवस्था तर फारच बिकट होती. दुसरा मुख्य रिसीव्हर पुका नाकुआ पहिल्याच सामन्यात गुडघ्याने गेला होता. तिसऱ्या आठवड्यात, दोघेही नसताना, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध रॅम्स २७-२४ने जिंकले. ट्यूटू ॲटवेलला थोडं मिळालं, पण खरी मेजवानी झाली ती रनिंग बॅक कायरन विल्यम्सची. तीन टचडाऊन. मी वेव्हरवर माझ्या बजेटचा मोठा हिस्सा ओतून ज्याला उचललं होतं, तो रिसीव्हर त्या दिवशी नुसता पळत होता.

वेव्हर म्हणजे सुट्या खेळाडूंचा आठवडी लिलाव. बहुतेक लीगमध्ये तो मंगळवारी रात्री किंवा बुधवारी पहाटे उरकतो, आणि अनेक ठिकाणी हंगामभरासाठी १०० लटके डॉलर हाती असतात. माझं आताचं गणित असं आहे. जखमी खेळाडू दोन सामने बाहेर असेल तर बदलीवर पाचाच्या वर घालवायचे नाहीत. चार-पाच आठवड्यांचा प्रश्न असेल तर त्याच संघातला बदली शोधायचाच नाही. ज्याच्याकडे आधीपासून चेंडू जातोय असा कुठल्याही संघातला रिसीव्हर घ्यायचा. बघायचे असतात टार्गेट, म्हणजे त्याच्या दिशेने चेंडू किती वेळा फेकला गेला तो आकडा. टचडाऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा होईलच असं नाही. टार्गेट बहुधा होतात.

चौथी पायरी: बुधवार, गुरुवार, शुक्रवार

संघांना रोज सरावाचा अहवाल जाहीर करावा लागतो. त्यात तीनच गोष्टी असतात. खेळाडूने सराव केला नाही, थोडा केला, किंवा पूर्ण केला. बुधवारची रजा फारशी मनावर घेऊ नका, जुन्या खेळाडूंना त्या दिवशी सहज आराम देतात. गुरुवारी "थोडा" आणि शुक्रवारी "पूर्ण" अशी चढती कमान असेल तर गडी खेळणार. बुधवारी थोडा आणि शुक्रवारी काहीच नाही, अशी उतरती असेल तर घोटा पुन्हा सुजलाय असं समजा. तुम्हाला एकच दिवस बघायला वेळ असेल तर शुक्रवार बघा.

शुक्रवारीच शेवटचा शिक्का बसतो. "आउट" म्हणजे नाही. "डाउटफुल" म्हणजे जवळजवळ नाही. "क्वेश्चनेबल" म्हणजे… राम जाणे. पूर्वी "प्रोबेबल" असाही एक शिक्का होता, तो लीगने २०१६ मध्ये काढून टाकला. तेव्हापासून किरकोळ दुखणंही क्वेश्चनेबलच्याच पोत्यात भरलं जातं. त्यामुळे शिक्क्यापेक्षा त्या तीन दिवसांच्या कमानीवर विश्वास ठेवा. संघाचा सामना गुरुवारी असेल तर हे सगळं सोमवार ते बुधवार होतं. सामना सोमवारी असेल तर गुरुवार ते शनिवार.

पाचवी पायरी: सामन्याआधीचे दीड तास

कितीही अहवाल वाचा, शेवटचा शब्द सामन्याच्या ९० मिनिटं आधी येतो. तेव्हा दोन्ही संघ त्या दिवशी न खेळणाऱ्यांची यादी जाहीर करतात. पूर्व किनाऱ्यावर दुपारी १च्या सामन्यासाठी म्हणजे साडेअकरा. तुम्ही पुण्यात किंवा पणजीत बसून भावाच्या अमेरिकेतल्या लीगमध्ये खेळत असाल तर ही यादी रविवारी रात्री ९ला येते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की रात्री १०ला. जेवणं आटोपून आरामात बघण्यासारखी वेळ आहे. घोळ होतो तो उशिराच्या सामन्यांचा. ४:२५चा सामना भारतात सोमवारी पहाटे १:५५ला, घड्याळं बदलली की २:५५ला. तेवढ्यासाठी गजर लावणारी माणसं मला माहीत आहेत. मी त्यांना नावं ठेवणार नाही.

गजर टाळायचा असेल तर एक युक्ती आहे, आणि पहिल्या वर्षी ती कुणीच सांगत नाही. बहुतेक लीगमध्ये प्रत्येक खेळाडू आपापला सामना सुरू होताना कुलूपबंद होतो. तुमचा दुखऱ्या घोट्याचा रिसीव्हर उशिरा खेळणार असेल आणि बदली १ वाजताच खेळून मोकळा झाला असेल, तर नंतर वाईट बातमी आली की हात चोळत बसायचं. म्हणून बदली असा ठेवा, ज्याचा सामना त्याच वेळी किंवा त्यानंतर आहे. आणि दुखऱ्या माणसाला रिसीव्हरच्या जागी न ठेवता फ्लेक्सच्या जागी ठेवा. फ्लेक्समध्ये रिसीव्हर, रनिंग बॅक, टाइट एंड कुणीही चालतो, त्यामुळे ऐनवेळी पर्याय तिपटीने वाढतात. हे मंगळवारी करून ठेवलं तरी चालतं. दोन मिनिटांचं काम.

सहावी पायरी: परत आला म्हणजे बरा झाला असं नाही

इथे मायकेल थॉमसची गोष्ट सांगायलाच हवी. न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा हा तेव्हाचा रिसीव्हर. २०१९ मध्ये त्याने १४९ झेल घेतले, एका हंगामातला तो विक्रम आहे. यार्ड १,७२५, टचडाऊन ९. पीपीआरच्या हिशेबाने नुसत्या झेलांचे ३७५.५ गुण. २०२०च्या ड्राफ्टमध्ये अनेकांनी रिसीव्हरांत त्यालाच सगळ्यांत आधी उचललं. पहिल्याच सामन्यात, टँपा बेविरुद्ध, सामना हातात आलेला असताना शेवटी शेवटी ब्लॉक करायला गेला आणि हाय अँकल स्प्रेन झाला.

त्याचं हुकमी शस्त्र म्हणजे स्लँट, दोन-तीन पावलं सरळ आणि मग झपकन आत. सगळा भार रोवलेल्या पायावर. तो नोव्हेंबरमध्ये परतला खरा, पण जुना थॉमस काही दिसला नाही. हंगामअखेरचा हिशेब: ७ सामने, ४० झेल, ४३८ यार्ड, टचडाऊन शून्य. ८३.८ गुण. पुढच्या जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि २०२१चा हंगाम तो एक सामनाही खेळला नाही. ज्यांनी "आता येईल, मग येईल" करत त्याला सांभाळला, त्यांच्या बेंचवरची जागा वर्षभर अडून राहिली.

म्हणून परतीच्या पहिल्या सामन्यात माझा नियम कडक आहे. बरा पर्याय असेल तर त्याला बसवायचं. संघ त्याला मोजकेच स्नॅप, म्हणजे मोजक्याच चाली, खेळवतात, आणि कधी तर तो नुसता बुजगावणं म्हणून उभा असतो. बचावपटू त्याच्याकडे ओढले जातात आणि चेंडू दुसरीकडे जातो. प्रत्यक्ष संघाला याचा उपयोग होतो, तुम्हाला शून्य. दुसऱ्या सामन्यापासून बघा की तो किती टक्के स्नॅपना मैदानावर होता आणि टार्गेट किती मिळाले. दोन्ही आकडे जुन्या पातळीवर आले की बिनधास्त उतरवा.

अपवाद असतोच. लो अँकल, शुक्रवारी पूर्ण सराव, मधे बायची विश्रांती आणि तुमच्या बेंचवर दुसरं कुणी धड नाही, असं असेल तर खेळवा.

ट्रेडबद्दल थोडक्यात. जखमी खेळाडू स्वस्तात घ्यायची सर्वांत चांगली वेळ म्हणजे त्याच्या मालकाने सलग दोन सामने हरल्यानंतरचा मंगळवार. पण हाय अँकल असेल आणि तुमची टीम आधीच धापा टाकत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. डिसेंबरातली मेजवानी डिसेंबरपर्यंत टिकणाऱ्यांसाठी असते.

शेवटची पायरी: आयआरच्या खुर्चीतून त्याला वेळेवर उठवा

खेळाडूचा "आउट" शिक्का निघाला की तो फँटसीच्या आयआर जागेत बसू शकत नाही. तो तिथेच राहिला तर बरीच ॲप तुम्हाला दुसरा कुठलाही बदल करू देत नाहीत. आधी त्याला बेंचवर घ्या म्हणतात, आणि बेंच भरलेला असेल तर कुणाला तरी सोडावं लागतं. कुणाला सोडायचं हे दोन दिवस आधी ठरवून ठेवा. गुरुवारचा सामना असेल तर मंगळवारीच.

कप परतला तो २४ ऑक्टोबरला, मिनेसोटाविरुद्ध, गुरुवारी रात्री. दिवाळी आठवड्यावर आली होती. मी चकलीची भाजणी मळत होते, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. सव्वाआठच्या सामन्याची आठवण झाली आठ वाजून दहा मिनिटांनी. कप अजून आयआरच्या खुर्चीत आणि बेंच गच्च भरलेला. मुलाला हाक मारली, "फोन घे, कुणाला तरी सोड, पटकन!" तो म्हणाला, "कुणाला?" आम्ही दोघं त्यावर वाद घालत असतानाच सामना सुरू झाला आणि कुलूप पडलं. ५ झेल, ५१ यार्ड, एक टचडाऊन. १६.१ गुण, सगळे त्या खुर्चीत.